वर जाणारी रेघ आणि शेवंडीची पिल्लं

“लाइन ऊपर जा रही है ना? फिर प्रॉब्लम क्या है?” मल्होत्रांनी मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं.

मल्होत्रा माझे बॉस. नोएडातल्या आमच्या ऑफिसात बँकेच्या कर्जासाठी लागणारे प्रोजेक्ट रिपोर्ट तयार होतात. मी ते एडिट करते. या वेळचा विषय होता शेवंड, म्हणजे लॉब्स्टर. क्लायंट सुभेदार सावंत, दिल्ली कँटमधून लवकरच रिटायर होणारे. मालवणजवळ समुद्रात पिंजरे टाकून शेवंडी वाढवायच्या, असा त्यांचा बेत. कर्जाला तारण, गावी नुकतंच बांधलेलं घर.

जगाचं उत्पादन दाखवणारी रेघ वर जात होती, हे खरं. मी ती देशवार सोडवून पाहिली. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर पाणी तापतंय, तिथली पकड उतरली आहे. ऑस्ट्रेलिया कोटा लावून मुद्दाम कमी पकडतो आणि भाव मिळवतो. आपल्याकडे अंडी धरलेल्या माद्याही ट्रॉलरच्या जाळ्यात गेल्या. वाढ दिसत होती ती व्हिएतनामच्या पिंजऱ्यांत.

पण पिंजऱ्यात शेवंड जन्मत नाही, फक्त वाढते. अंडी उबवून पिल्लं काढणारी जागा म्हणजे हॅचरी. कोळंबीची असते, शेवंडीची मोठ्या प्रमाणावर अजून जमलेली नाही. पिल्लं समुद्रातूनच धरतात, बरीचशी शेजारी देशांच्या हद्दीतून. एकाच्या समुद्रातून उचललेलं पिल्लू दुसऱ्याच्या तक्त्यात ‘उत्पादन’ म्हणून येतं.

“फुटनोट में डाल दो, यार. क्लायंट को डराना नहीं है.”

मी फुटनोटमध्ये टाकलं.

सावंत पत्नीसह रिपोर्ट न्यायला आले. त्यांनी ग्राफ बघितला. “एकदम सावधान उभा आहे!”

“यांना परेडशिवाय काही दिसतच नाही,” बाई म्हणाल्या.

“बिल्कुल फ्यूचर है, सर,” मल्होत्रा म्हणाले.

सावंत माझ्याकडे वळले. “ताई, तुम्ही आपल्याकडच्या. तुमच्या भावाला घर गहाण टाकू द्याल?”

“पिल्लं कुठून आणणार?”

“विकत घेऊ.”

“कुणाकडून?”

सावंतांनी बायकोकडे पाहिलं. बाईच बोलल्या, “आपल्याकडे मोठी शेवंड बघायला मिळत नाही, पिल्लं कोण देणार?”

“क्या पूछ रहे हैं?” मल्होत्रांनी विचारलं.

“फुटनोट,” मी म्हणाले.

सावंतांनी कर्जाचा अर्ज केला नाही. रिटायर झाल्यावर गाझियाबादच्या एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागले. समुद्र राहिला लांब. मालवणचं घर कुलूपबंद आहे, पण त्यांचं आहे.

सध्या टेबलावर खेकड्यांचा रिपोर्ट आहे. रेघ वर जातेय. पिल्लं कुणाच्या समुद्रातली, हे मी पहिल्याच पानावर लिहिते. मल्होत्रा ते खाली नेतात.