मॉलचा शर्ट

गावात नवीन झालेल्या मॉलमधून घेतलेला शर्ट बाहीला लांब होत होता, म्हणून तो घेऊन सदाकाकांकडे गेलो. लग्नाच्या कोटापासून माझे सगळे कपडे याच शिंप्याने शिवलेले. त्यांनी शर्ट उलटून शिवण पाहिली.

“चांगला आहे,” ते म्हणाले. “हात पुढे करा.”

ते टेपने माप घेत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एका शर्टाने काय होतंय, असं मॉलमध्ये मला वाटलं होतं. गावात प्रत्येकाला तेच वाटलं असणार.

शर्ट देताना त्यांनी एक पुठ्ठा पुढे केला. “तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा, मॉलचे कपडे अल्टर करून मिळतील. नवीन शिवायला आता कुणी येत नाही.”

मी लिहून दिलं. त्यांनी ते समाधानाने वाचलं आणि दारावर टांगलं.