निपाणीची सात इंजिनं

निपाणीला आजतागायत रेल्वे आलेली नाही. तरीही त्या गावात सात इंजिनांचे एक मालक होऊन गेले, आणि रेल्वेला त्यांच्याइतका मान देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ते माझे मामा. पेशानं वकील. बेळगावात आमच्याकडे येताना रेल्वेचं फाटक बंद झालं की बाकीचे घड्याळ बघत चरफडायचे. मामा मात्र रिक्षातून उतरून, टोपी हातात घेऊन, शेवटचा डबा जाईपर्यंत सरळ उभे राहायचे.

त्यांची इंजिनं वीतभर लांबीची, पितळेची, जपानी कारागिरांनी हातानं घडवलेली. ती मागवायचं काम माझ्याकडे असल्यामुळे किमती आम्हा दोघांनाच ठाऊक. पहिल्याची किंमत ऐकून मी म्हणालो, "मामा, एवढ्यात नवी मोटरसायकल येईल." मामांनी भिंग माझ्यापुढं सरकवलं. "मोटरसायकल दुकानातनं भाईर पडली की तिची किंमत उतरती. ह्याचे रिव्हेट मोज, मग बोलू." मी खरंच मोजायला बसलो आणि दोनशेच्या पुढं चुकलो. दर रविवारी आंघोळ करून, सुती हातमोजे घालून ते एकेक इंजिन खोक्यातून काढत, न्याहाळत आणि परत ठेवत. रुळावर एकही कधी चालवलं नाही. चाकं झिजली की मोल गेलं, म्हणे. घरात रूळच नव्हते. मामीला तर त्या खोलीत झाडू मारायचीही मुभा नव्हती. ती म्हणायची, "आमचा देवसुद्धा एवढ्या सोवळ्यात नसतोय."

मग मामीचे गुडघे गेले. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं. तिसऱ्या दिवशी मामांचा मला फोन आला, "काळं इंजिन विकायचं. गिऱ्हाईक बघ." ते सगळ्यांत मोलाचं. त्याचा मूळ काळा रंग जसाच्या तसा टिकला होता, आणि खरी किंमत त्या रंगालाच होती. पुण्यातले एक संग्राहक तयार झाले. मी त्यांना घेऊन निपाणीला गेलो.

ते गाडी लावत होते तोवर मी पुढं झालो. दारात मामी भिंतीला धरून उभी, चेहरा फुललेला. "पावणं बघाय येणार म्हटल्यावर पहाटेपासनं चिंच नि राख लावून घासलं बघ. लई काजळी धरलीती."

मामांनी आदल्या रात्री टेबलावर काढून ठेवलेलं इंजिन सोन्यासारखं लखलखत होतं. रंगाचा ठिपका उरला नव्हता, बारीक नळ्या वाकल्या होत्या. मामा हातमोजे घालून शेजारी बसले होते.

पाहुण्यांनी इंजिन उचललं आणि ते जवळजवळ ओरडलेच, "हे कुणी केलं? किंमत मातीत घातलीत की याची!"

मामी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती.

"मी केलं," मामा म्हणाले. "मला चकचकीत आवडतं. आणि किंमत कसली? पितळच हाय ते."

एवढी कच्ची साक्ष त्यांनी कोर्टात कुणालाही देऊ दिली नसती. मग ते उठले आणि उरलेली सहा खोकी स्वतःच घेऊन आले. सहा मिळून कसाबसा त्या एकाचा पैसा झाला. खोकी गाडीत ठेवताना त्यांनी पाहुण्यांना आपले हातमोजेही देऊन टाकले.

गाडी गेल्यावर मामी म्हणाली, "जल्मात चमचा तरी घासलाय का तुमी? किती किंमत हुती त्येची?"

"ऑपरेशनची तारीख बघ आधी," मामा म्हणाले.

ऑपरेशन झालं. मामी आता बाजारातून पिशवी घेऊन चालत येते. मामा दोन वर्षांपूर्वी गेले. किंमत शेवटपर्यंत सांगितली नाही. मी निपाणीला गेलो की मामी चहा ठेवून समोर बसते. "तूच मागिवलंतंस न्हवं ते? खरं सांग, किती हुती रं किंमत?"

आकडा मला तोंडपाठ आहे.

"लई दिवस झाले, मामी. आठवत नाही."

"मामावर गेलाईस," ती म्हणते, आणि गुडघ्यांना हात न लावता चहा गाळायला उठते.