डोंगरावर माती नेणाऱ्या ताई

१४ मे

आधी संपादक मंडळाची क्षमा मागतो. वत्सलाताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी माझा लेख होळीपूर्वीच यायला हवा होता. फोन आले, मंडळातले गॅरेजवाले सलीमभाई दारात येऊन गेले, आणि प्रत्येक वेळी मी 'होत आला' असे सांगितले. एक ओळही लिहिलेली नव्हती. ताईंविषयी लिहिण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ आहे. पण डोंगरावरच्या त्या टाक्यात यंदा उन्हाळाभर पाणी राहते की नाही, हे कळल्याशिवाय लिहायला हात धजत नव्हता. आता ते कळले आहे. गौरवाच्या अंकात शोभेल असे ते नाही. तरी ते वगळून ताईंवर लिहिणे मला जमणार नाही.

ताईंची आणि माझी पहिली भेट निगडीच्या चौकात झाली. मी पुनावळ्यात नुकताच राहायला आलो होतो. तळवड्याच्या आयटी पार्कात दिवसभर बसून पाठ धरली होती, आणि दर रविवारी पहाटे निगडीहून एक मंडळ डोंगरावर जाते असे कोणीतरी सांगितले होते. घोळक्यातून एक ठेंगण्या बाई माझ्याकडे आल्या. नाव-गाव काही नाही, थेट म्हणाल्या, "बूट दाखवा."

मी पाय पुढे केला.

"असा नाही. काढून."

भर चौकात एका पायावर उभा राहून मी बूट काढून दिला. त्यांनी तो उलटा केला, तळव्यावरून अंगठ्याचे नख फिरवले आणि परत माझ्या हातात ठेवला. "रिजेक्ट."

"अहो, परवाच घेतलेत. नवीन आहेत."

"नवीनच आहेत, पण घसरणार. आणि तुमचा एकंदर आकार बघता, तुम्हाला खाली आणायला चार माणसं लागतील. पुढच्या रविवारी या."

सगळे हसले. मी रागाने परत गेलो. पुढच्या रविवारी दुसरे बूट घालून गेलो, तेव्हा पुन्हा तेच नख फिरले. "पास," असे म्हटल्यावर मग त्यांनी माझे नाव विचारले.

ताई चाकणजवळच्या एका गिअरच्या कारखान्यात तपासणी विभागात होत्या, हे मला नंतर समजले. त्यांचे वडीलही कामगार. भीमजयंतीला वस्तीत व्याख्याने ठेवणारे, मुलीला आयटीआयला घालणारे. ताईंनी तिथे जे नख कमावले ते डोंगरावरही त्यांच्या कामी आले. दोराची गाठ, पाण्याची बाटली, आपल्या मंडळातल्या माणसांच्या बढाया, सगळे त्या तपासून घेत.

मात्र 'रिजेक्ट' म्हणून त्या कुणाला वाऱ्यावर सोडत नसत. मे महिन्यात आईवडिलांच्या शिफ्टमुळे ज्या मुलांना गावाला जायला मिळत नाही, त्यांच्यासाठी मंडळाच्या उन्हाळी सहली त्यांनीच सुरू केल्या. पहिल्या सहलीला निम्मी मुले चपला घालून आली. ताईंनी त्यांना मागे ठेवले नाही. सहलच डोंगराऐवजी नदीकाठी नेली, आणि पुढच्या आठवडाभरात साऱ्या नातेवाइकांकडून, कंपनीतल्या बायकांकडून मुलांचे जुने बूट मागून आणले. त्यांच्या घरी पलंगाखाली आजही बुटांची दोन पोती आहेत. त्यांचे यजमान म्हणतात, "आमच्याकडे पाहुणा आला की आधी त्याच्या पायाचं माप घेतात."

माझ्या स्वतःच्या घरी त्यांनी केले ते इथे सांगितलेच पाहिजे. माझे वडील शेवटचे वर्ष अंथरुणावर होते. मी रविवारी येईनासा झालो. एका रविवारी पहाटे दारावर ताई उभ्या. "तुम्ही जा, बस थांबली आहे. मी बसते यांच्याजवळ." ज्या डोंगरासाठी त्या आठवडाभर राबत, तो सोडून त्या वडिलांपाशी बसल्या. आणि त्यानंतरही अनेकदा बसल्या. वडिलांना शेवटपर्यंत वाटत राहिले की त्या पगारी नर्स आहेत. मला म्हणायचे, "बाई कामाला चांगली आहे, चहा मात्र बदलायला सांग." ताईंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. साखर कमीच टाकते मी."

आता टाक्याविषयी.

भामा नदीच्या खोऱ्यात एक डोंगर आहे. तिथे गर्दी होऊ नये म्हणून ताई त्याचे नाव कुठे छापू देत नाहीत, मीही देत नाही. माथ्याजवळ खडकात खोदलेले जुने टाके आहे आणि जरा खाली पठारावर धोंडिबांचे घर. धोंडिबा, त्यांची बायको आणि म्हशी. पावसाचे पाणी टाक्यात साठायचे आणि कसेबसे पुढच्या पावसापर्यंत पुरायचे. दुसरे पाणी म्हणजे पायथ्याचा झरा, डोंगर उतरून पुन्हा चढायचा.

एका उन्हाळ्यात आपल्या मंडळाने ते टाके साफ करायला घेतले. पाणी गढूळ असायचे, तळाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा गाळ. सलीमभाईंनी गॅरेजमधून तारेचे ब्रश आणले. लागोपाठ तीन-चार रविवार आम्ही गाळ उपसून कड्यावरून खाली लोटला. गाळ संपला तेव्हा आम्ही हात झटकले, पण ताई म्हणाल्या, "अजून नाही. खडक दिसला पाहिजे." मग खडक दिसेपर्यंत घासला. तळ असा स्वच्छ झाला की धोंडिबासुद्धा पाहून म्हणाले, "आता हितं जेवाय बसावं."

पाऊस झाला. दिवाळीत गेलो तर टाके काठोकाठ भरलेले, तळ दिसेल इतके नितळ. आणि फाल्गुनात सलीमभाईंना धोंडिबांचा फोन आला. "भाऊ, टाक्यात पानी न्हाई."

तळाच्या खडकाला भेग होती. नखाएवढी रुंद, पण लांब. ती त्या गाळानेच बुजली होती. आम्ही ती मोकळी करून दिली.

पुढच्याच रविवारी ताई वर गेल्या. मी सोबत होतो. धोंडिबा अंगणात म्हशीला बांधत होते. ताई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "दादा, पाणी आमच्यामुळं गेलं. घासायला मी सांगितलं होतं."

"तुमी मुद्दाम केलं व्हय? चांगलं करायलाच आला व्हता."

"चांगलं करायला आलो होतो, पण पाणी तर गेलंच ना."

धोंडिबांनी म्हशीच्या दाव्याची गाठ आवळली. बायकोला चहा टाकायला सांगितला. तो चहा त्यांनी कुठून आणलेल्या पाण्याचा केला असेल, हे कपातला घोट घेताना मला कळले, आणि ताईंनी तो कप कितीतरी वेळ नुसता हातात धरून ठेवला.

एका गवंड्याला वर नेले. त्याचा गिलावा पुढच्या उन्हात सुटला. मग ताईंनी ठरवले की जे काढले तेच परत घालायचे. पण आमचा गाळ पावसात वाहून गेला होता. ग्रामपंचायतीला विचारून पायथ्याच्या आटलेल्या तळ्यातली चिकणमाती घेतली, आणि तेव्हापासून आपल्या मंडळाची उन्हाळी मोहीम ठरून गेली. पाठीवर मातीच्या गोण्या घेऊन डोंगर चढायचा, टाक्यात उतरून ती माती पायांनी तुडवायची, भेगेवर थर द्यायचा.

नव्या सभासदांना हे विचित्र वाटते. ताथवड्याच्या कॉलेजातली एक मुलगी म्हणाली होती, "ताई, बाकीचे ग्रुप डोंगरावरून कचरा खाली आणतात. आपण माती वर नेतोय!"

"तू अर्धीच गोण घे," ताई म्हणाल्या, "आणि चढताना बोलू नको. दम लागेल." पण गोण उचलण्याआधी त्या प्रत्येक नव्या माणसाला पायथ्याशीच सगळे सांगत. आपण काय केले, कोणाचे पाणी गेले, घासायला कोणी सांगितले. मंडळातल्या काहींना हे आवडत नसे. नव्या लोकांसमोर कशाला, असे ते म्हणत. ताई सांगत राहिल्या.

पाणी थोडे थोडे जास्त टिकू लागले. आधी होळीपर्यंत, मग पाडव्यापर्यंत. वैशाख मात्र कधीच निघाला नाही. गेल्या वर्षी ताईंच्या हृदयाच्या झडपेचे दुखणे निघाले आणि डॉक्टरांनी चढ बंद केला. तेव्हापासून त्या पायथ्याच्या झाडाखाली बसून मातीतले खडे बोटांनी वेचतात, गोण्या भरतात. आम्ही उतरलो की विचारतात, "तळाला ओल होती का?" गेल्या वर्षीचा थर सगळ्यांत जाड होता. तो देऊन झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "यंदा राहिलं पाहिजे. धोंडिबादादा थकलेत आता."

या महिन्याच्या सुरुवातीला सलीमभाई आणि मी दोघेच वर जाऊन आलो. टाके कोरडे होते. मातीला तडे जाऊन तिच्या खपल्या झाल्या होत्या. गोठ्यात म्हशी नव्हत्या.

"इकल्या," धोंडिबा म्हणाले. "पावसाच्या आदी खाली जातोय. पोरगं चाकणला ऱ्हातंय, खोली घेतलीय त्यानं."

"पाण्यामुळं?" मी विचारले.

"न्हाई वो. पोरगं कवाधरनं बोलावतंय. हिलाबी दवाखाना जवळ पडंल." मग म्हणाले, "पानी असतं तर अजून दोन उन्हाळं काढलं असतं. खोटं कशाला बोलू. पर हे ताईस्नी नगा सांगू. त्यांच्या काळजाचं दुखणं हाय."

उतरताना सलीमभाई म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. काय गरज आहे राव? सत्कार होऊ दे, अंक निघू दे." सलीमभाईंचा जीव ताईंवर माझ्यापेक्षा जास्तच आहे. मला त्यांचे म्हणणे खोडता आले नाही. तेव्हापासून मी ताईंकडे गेलेलो नाही. सलीमभाईंनी फोनवर त्यांना मोघम काही सांगितले आहे.

दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. त्यांची तब्येत खरी आहे. धोंडिबांनी घातलेली गळही खरी आहे, आणि दुखावलेला माणूस जेव्हा दुखावणाऱ्याला जपतो, तेव्हा त्याचा शब्द मोडायचा अधिकार मला आहे का, हे मला अजून समजलेले नाही. पण ताईंच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या हाताखालच्या एका तरुणाने सांगितलेली गोष्ट मनातून जात नाही. ताईंच्या आई गेल्या त्या आठवड्यात थोडा माल खराब निघाला. ताईंना त्रास नको म्हणून त्याने त्यांना न कळवता तो बाजूला ठेवून दिला. दहाव्यानंतर कामावर आल्यावर त्यांना समजले. त्या ओरडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आई गेली म्हणून मी कामाची राहिले नाही, असं ठरवलंस का तू?"

संपादकांना मी हा मजकूर जसाच्या तसा देणार आहे. टाक्याचा भाग गाळायचा असेल तर माझा लेखच घेऊ नये, ही विनंती. वत्सलाताईंनी चांगले केले ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या हातून वाईट झाले ते त्यांनी दर उन्हाळ्यात पाठीवर घेतले, आणि ते पुरे पडले नाही. तरीही मला त्या मोठ्या वाटतात, आणि कशामुळे हे याहून नीट मला सांगता येत नाही.

त्यांचे हृदय डॉक्टरांच्या अपेक्षेपेक्षा हट्टी निघो. पायथ्याच्या त्या झाडाखाली त्या अजून पुष्कळ वर्षे बसोत, आणि आम्ही आमचे बूट त्यांच्याकडून तपासून घेत राहू.

उद्याचे काम: अंक छापायला जाण्याआधी सकाळी ताईंच्या घरी जाऊन, धोंडिबा डोंगर सोडत आहेत हे त्यांना समोर बसून सांगणे.