शहाणी पोर महादेवी

तीन मास्तरणी रोज दुपारी एका खोलीत डबे उघडून बसल्या, की वर्षभरात पोतंभर किस्से जमतात. कुणाला सांगायचे म्हटलं तर हसण्याचेच आधी आठवतात. निजामाच्या राज्यात, मुरुमच्या बाजूच्या एका गावात, पोरींच्या शाळेत आम्ही तिघी शिकवत होतो. तिथल्या एका पोरीचे किस्से आम्ही तेव्हा हसत हसत सांगितले. आज तेच आठवले की अंगावर काटा येतो!

*

पोर होती महादेवी. वय दहा. बाप शंकरप्पा, कापडाचा दुकानदार. दिवाळीच्या सुमारास तिचा पाठचा भाऊ तापानं गेला. त्याला ती कडेवरून खाली ठेवत नसे. तो गेला आणि ही गप्प झाली. "लेकरू आहे, विसरेल," असं म्हणून आम्ही मोकळ्या झालो.

आमच्या हेडबाई हलीमाबी. महिनाभरात जिचा आवाज सगळ्यांत कमी, तिला त्या नेकचलनीची, म्हणजे चांगल्या वागणुकीची, लाल फीत बांधत. लागोपाठ तीन महिने फीत महादेवीला!

"ऐसे दस छोकरियां रहे तो मदरसा जन्नत हो जाता!" हलीमाबी म्हणाल्या.

आम्ही टाळ्या वाजवल्या. होय, वाजवल्या!

*

तपासणीला मोठ्या साहेबबाई आल्या. महादेवीला प्रार्थना म्हणायला उभं केलं. पोर भिंतीकडे बघत म्हणत होती आणि डोळ्यांतून धार लागली होती. एक शब्द चुकला नाही, आवाज हलला नाही. फक्त पाणी वाहत होतं.

"इतक्या लहान वयात केवढी भक्ती!" साहेबबाई म्हणाल्या. वर तसा शेराही लिहून गेल्या. आम्ही त्या दिवशी पेढे खाल्ले.

*

दुसऱ्या मास्तरीण कमलबाई. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच, जंत! महादेवी जेवत नाही, दिवसा पेंगते, पाटीवर अक्षर काढता काढता थांबते, म्हणजे जंतच. त्यांनी शाळेतच तिला एरंडेल पाजलं.

आमच्या शाळेत एरंडेलाची बाटली दिसली की पोरी बाकाखाली लपत. ही पुढं आली, वाटी तोंडाला लावली, रिकामी करून परत दिली. तोंड वाकडं केलं नाही, पाणी मागितलं नाही.

"बघा, किती गुणी!" कमलबाई म्हणाल्या. एरंडेल पिऊन तोंड वाकडं न करणारं लेकरू बघून आम्हाला शंका यायला हवी होती. आली नाही.

*

शेवटी मी धीर करून शंकरप्पांना बोलावलं. "पोरीत काही फरक पडलाय का हो?"

"पडलाय की! लई शहाणी झालीय बगा, बाई. हट्ट न्हाय, रुसणं न्हाय, खेळायला जाती म्हणत न्हाय. सणाला नवा परकर आणला, तर म्हणती, मला कशाला? असली लेक समद्यांना मिळू दे!"

आणि मीही खुशाल मान डोलावली. मी शिकलेली बाई!

*

आमच्यात एकच बाई अंगठाबहाद्दर होती, गंगूबाई. सकाळी घरोघरी फिरून पोरी गोळा करून शाळेत आणायचं तिचं काम. एका शनिवारी ती पोरींना वर्गात सोडून तडक आमच्या खोलीत शिरली.

"बाई, पाटलाच्या पोरीकडं महादेवीचे सागरगोटे. कासाराच्या पोरीकडं तिच्या रेशमी फिती. आज मुल्लाच्या पोरीच्या हातात तिची भावली. इचारलं तर म्हणती, महादेवीनं दिली, कायमची!"

"मोठ्या मनाची आहे पोर," कमलबाई म्हणाल्या.

गंगूबाई खवळली. "डोळं हायेत का खाचा? नांदायला निघालेली पोर बी आपली भावली वाटत न्हाय! ही कुठं निघाली, ते तरी इचारा तिला!"

हलीमाबी तशाच उठल्या, बुरखा चढवला आणि शंकरप्पांच्या दुकानाकडं निघाल्या. तासाभरात दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपली. पोर, बाप, हलीमाबी आणि मी, तालुक्याच्या डॉक्टरांकडं.

डॉक्टर म्हातारे, भले. त्यांनी बजावलं, पोरीला क्षणभर एकटं सोडू नका, दर आठवड्याला आणा, ती बोलली तर मधे तोंड घालू नका. वर्ष गेलं, पण महादेवी सावरली. पुढं तिच्या लग्नात मी पोटभर जेवले.

*

पण खरा किस्सा त्या पहिल्या दिवशी दवाखान्यात घडला.

डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. "बाळ, निघून जावंसं कधीपासून वाटतंय?"

"दिवाळीपास्नं, साहेब," शंकरप्पा म्हणाले. डॉक्टरांनी हातानंच त्यांना गप्प केलं.

"कुणाला सांगितलं होतंस?"

"व्हय."

"कुणाला?"

पोरीनं माझ्याकडं बोट केलं.

"मला? कधी गं?" मी मधेच म्हणाले.

"तुमी हजेरी घेत हुता. म्या इचारलं, बाई, उद्यापास्नं मी आलेच न्हाय, तर माझं नाव खोडून टाकणार का?"

"मग बाई काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"बाई हसल्या. म्हणल्या, तू कशाला गैरहजर राहतीस? तुझ्यासारखी हजेरी साऱ्या शाळेत कुणाची न्हाय!"