जेवणाच्या सुट्टीतलं पाणी

हे मी आजवर कुणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. आता तरी शेवटपर्यंत सांगेन, की मध्येच चहा टाकायला उठेन — माझा मलाच भरवसा नाही. तुम्ही बसा. मी बोलते.

वाळूजला आमची छोटी भट्टी आहे. कारखान्यांचे पोलादी सुटे भाग तापवून, मग निववून चिवट करायची. ते भाग बास्केटमध्ये रचतात आणि बास्केटसकट भट्टीत ढकलतात. भाग एकदाच तापतात; बास्केट मात्र रोज. म्हणून ती धग सोसणाऱ्या खास पोलादाची असते — आणि लई महाग. यांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून भट्टी मी बघते. शाळा सातवीत सुटलेली. शिकवलं कुणी नाही, बघून बघून आलं. पुढं पुढं कामगारच म्हणायला लागले, काकूंना विचारा. ऐकायला बरं वाटायचं हो. कुणाला नाही वाटणार?

माझा एक नियम होता. तापलेल्या बास्केटवर पाणी मारायचं नाही. बिडाच्या तापल्या तव्यावर गार पाणी पडलं की काय होतं, हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही. सलीम आमचा जुना कामगार. घाईत त्यानं एकदा पाइप धरला, तर सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले त्याला. त्या दिवसापुरतं घरी पाठवलं. हे आधी का सांगतेय — कळेल. येतेच तिथं.

मधुरा माझ्या धाकट्या दिराची मुलगी. मला मोठी आई म्हणते. इंजिनीअर झाली आणि आमच्याच बास्केटचं मॉडेल कॉम्प्युटरवर करायला बसली. तापताना कुठं फुगते, निवताना कुठं आकसते, तडा आधी कुठं जाईल — सगळं रंगांत दिसायचं. मला शेजारी बसवून सांगायची, "हे बघ, बाहेरचं अंग आधी निवतं. आतलं अजून फुगलेलंच. दोघांची ओढाताण, म्हणून हा कोपरा लाल." मग तिनं कोपरे गोल केले, पट्ट्या बारीक केल्या. बास्केट हलकी होणार आणि टिकणारही जास्त, म्हणाली. दिरानं तिच्या आखणीप्रमाणं नवी बास्केट ओतून घेतली. पोरीच्या डोळ्यांत काय आनंद होता तेव्हा!

आता, मॉडेलला एक गोष्ट सांगावी लागते — बास्केट निवते कशी. तिनं मला विचारलं. मी म्हणाले, वाऱ्यावर, आपोआप. तिनं तेच धरलं. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. मोठी आई सांगतेय म्हटल्यावर कशाला विचारील?

नव्या बास्केटला थोड्याच दिवसांत तडे गेले. मग एकदा भट्टीच्या तोंडाशीच तिचा तळ सुटला. लालभडक भाग फरशीवर सांडले. सलीम उडी मारून मागं सरला म्हणून त्याचे पाय वाचले. दिरानं सगळ्यांसमोर पोरीला विचारलं, "कॉम्प्युटरवर भाकरी भाजून पोट भरतं व्हय गं?" कामगार हसले.

मीही हसले.

मधुरानं सगळा हिशेब पुन्हा मांडला. कितीदा, देव जाणे. मग एका सकाळी आली, डोळे सुजलेले. "मोठी आई, एकदाच विचारते. पाणी तर मारत नाही ना कुणी? मॉडेलमध्ये पाणी धरलं तर तडा नेमका तिथंच येतो."

"माझ्या भट्टीवर?" मी म्हणाले. "नाय गं बाई. तुझंच कुठं तरी चुकलं असंल."

पाणी मी मारत होते. मीच.

जेवणाच्या सुट्टीत. सगळे डबे घेऊन लिंबाच्या सावलीला बसले, की मी आत जायची. पुढचा लोड खोळंबलेला, गेटवर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, आणि बास्केट काही निवत नाही. थोडंसंच मारू, असं वाटायचं. थोडं कसलं — वाफेनं समोरचं दिसायचं नाही, पोलाद टणटण वाजायचं. सुट्टी संपली की सलीम म्हणायचा, "काकू, आज लवकर निवली." वारा होता, मी म्हणायची. फरशी ओली असायची. त्याला दिसत नसेल? पण बोलला नाही कधी.

आणि पोरीशी खोटं बोलले ते कशासाठी? ज्या गोष्टीवरून एका माणसाला चारचौघांत उघडं पाडलं, तीच मी करते — हे कळू नये. एवढंच. दुसरं काही नव्हतं.

तिनं विचारलं त्या दिवसापासून मी पाइपला हात लावला नाही. तशीच दुसरी बास्केट ओतायला दिलेली होती, ती नंतर आली. मधुराच्याच आखणीची. अजून चालते, एक तडा नाही. दीर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात — वहिनींची देखरेख बघा. मी ऐकून घेते.

मधुरा तोवर त्या कामातून बाहेर पडली होती. बँकेत लागली. पुढं लग्न झालं, लेक झाली. मॉडेल पुन्हा उघडलं नाही.

गेल्या दिवाळीत औरंगपुऱ्याच्या घरी सगळे जमलो होतो. तिच्या लेकीनं तिला विचारलं, लोखंड तापलं की वाढतं का गं? मधुरा म्हणाली, "मला नाही बाई यातलं कळत. आजीला विचार." हसूनच म्हणाली, टोमणा नव्हता, खरंच तसं वाटतं तिला. पोर माझ्याकडं आली. मी तिला मांडीवर घेऊन समजावलं, अगदी नीट. पोर म्हणाली, आजीला किती येतं!

मधुरा समोरच बसली होती. तेव्हाही सांगता आलं असतं.

नाही सांगितलं.