वनिता त्रिनिदादला आली तेव्हा

गोंदिया स्टेशनवर बाबा खिडकीचा गज धरून उभे होते. गाडी सुटता सुटता म्हणाले, "जाऊन राहिली त जा. इकडची फिकीर करू नको, वनिता हाय ना." शाळेपासूनची माझी मैत्रीण वनिता शेजारीच उभी होती, गळ्यात कॅमेरा. तिने माझा फोटो काढला. मी रडत होते, आणि बाबांसोबत गावी परत जाणार होती ती. मला तिथेच तिचा राग आला.

त्याला सहा वर्षं झाली. त्रिनिदाद नावाच्या या कॅरिबियन बेटावर मी एका हॉस्पिटलात नर्स आहे. वनिताचा आमच्या गावी, कामठ्यात, बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ आहे; लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. यंदा मीच तिकीट पाठवून तिला बोलावलं. खरं कारण सांगते. माझी गाडी, माझा समुद्र, माझा थाट पाहून तिने एकदा तरी माझ्यावर जळावं, असं मला वाटत होतं.

पाच दिवस आम्ही बेटभर फिरलो. गाडी माझी, कॅमेरा तिचा. पूर्वेकडे मांझानिलाला समुद्राच्या कडेने रस्ता जातो, दोन्हीकडे नुसते नारळ. तिथे एक म्हातारी डबल्स विकते, म्हणजे मऊ तळलेल्या पुऱ्यांत भरलेले चणे. तिचे पूर्वज उसाच्या मळ्यात राबायला भारतातून आलेले. चार वर्षं मी तिच्याकडे खाते, पण नाव कधी विचारलं नव्हतं. वनिताला इंग्रजी धड येत नाही. तिने "नानी" अशी हाक मारली, हातवारे केले, आणि दहा मिनिटांत म्हातारी तिचा हात धरून आपल्या आजीचं गाणं म्हणू लागली. वनिताने फोटो काढले. ते पाहिले आणि माझ्या तोंडची चवच गेली.

मग वाळूवर बसून तिने मोबाइलवर बाबांचे फोटो दाखवले. ते रोज संध्याकाळी तिच्या स्टुडिओत येऊन बसतात. एका फोटोत ते पडलेले दात न लपवता हसत होते. माझ्या व्हिडिओ कॉलवर ते तोंड मिटून बसतात.

"तुझ्यासमोर काऊन हसतेत ते?" मी विचारलं.

"तू त्यायले गोळी घेतली का, तेवढंच इचारतेस. मी धानाचं इचारते."

ती पाय भिजवायला पाण्यात गेली. कॅमेरा माझ्याकडे होता. मी म्हातारीचे सगळे फोटो डिलीट केले.

परतीच्या वाटेवर ती बटणं दाबत राहिली. "माझंच बोट लागलं असन," असं स्वतःशीच पुटपुटली. मला ते ऐकवेना. गाडी कडेला घेतली आणि सांगून टाकलं.

"तू? पण कायले?"

"जळते मी तुझ्यावर."

 ती एकदम मोबाइल काढून घाईघाईने बोटं फिरवू लागली. "बाबाचे नाही ना उडवले?"

"नाही."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. शाळेपासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो काढायला परत गेलो, तर म्हातारीची जागा रिकामी. वनिता गावी गेल्यावर दोन आठवड्यांनी ती म्हातारी मला भेटली. मी नाव विचारलं आणि मोठ्या आनंदाने वनिताला कळवलं. तिचं उत्तर आलं, "मले त त्याच दिवशी सांगतलं तिनं."

म्हणजे माझं जळणं संपलेलं नाही. गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, तुमचं काय ते तुम्ही जाणा. उद्या इथे माझ्या ड्युटीवर दुसरी नर्स आली तर मला काही वाटणार नाही. कामठ्यात बाबांच्या शेजारच्या खुर्चीत दुसरं कुणी बसतं, ते मात्र मला सोसत नाही. माझं घर कुठे आहे, ते मला तेवढ्यावरून कळतं.