गाणारी मॅटॅडोरमध्ये होती

अन्याय झाला तो आमच्या बँडच्या गाणाऱ्या ताईवर. शहाण्णव साली, चौदा एप्रिलला, इंदापुरात, भर स्टेजवर, सत्काराच्या वेळी. गाणं तिनं गायलं आणि शाल पडली दुसऱ्याच्या खांद्यावर. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक आमच्या बँडच्या आठवणी काढतात तेव्हा नेमकं एवढंच गाळतात.

बँड म्हणजे वरातीतला पितळी बँड नव्हे. इलेक्ट्रिक गिटार, ड्रमसेट, कीबोर्ड. बारामतीत तेव्हा ब्रासबँड होते, बेंजो पार्ट्या होत्या, पण स्वतःची गाणी करून असल्या वाद्यांवर वाजवणारं कुणी नव्हतं. गिटार माझ्याकडे. ड्रमवाला आणि कीबोर्डवाला माझ्याच वर्गातले, आणि ताई ही ड्रमवाल्याची थोरली बहीण. ती एमआयडीसीत दुधाच्या पिशव्या भरायच्या लाइनवर कामाला होती. माझी पहिली गिटार, पुण्यातून आणलेली जुनी, तिच्या बोनसमधून आली. परत मागायचं तिनं कधी नावही काढलं नाही.

तालीम त्यांच्याच घरी, पत्र्याच्या खोलीत. शेजारचे तात्या एकदा दारात येऊन म्हणाले, "आरं, तुमी वाजताय का पत्रा वाजतोय?"

"दोन्ही वाजत्यात, तात्या," ताई म्हणाली. "बसा, पत्र्याचं पैसं न्हाय घेत आमी."

तात्या बसले. त्यानंतर ते रोजच बसायला लागले.

गाणी मी लिहायचो. मी तेव्हा युवक संघटनेची पत्रकं लिहीत होतो आणि गाणीही तशीच लिहायचो. धिक्कार असो, जाहीर निषेध, अमुक झालंच पाहिजे. ताईनं पहिलं गाणं वाचलं आणि कागद परत दिला. "हे मागणीपत्र हाय. तहसीलदाराला दे. मला गायचं आसंल तर श्वास घ्यायला जागा ठेव." मग तिनंच सांगितलं, दुसऱ्या पाळीच्या बायका रात्री घरी जातात त्यावर लिही. त्या रस्त्यानं मोठ्यानं का बोलतात, ते लिही. मला माहीत नव्हतं. भीती वाटू नये म्हणून बोलतात. ते आमचं पहिलं खरं गाणं. आज माझं पत्रक लोक चौकात मोठ्यानं वाचू शकतात, दम लागत नाही, ते या बाईमुळं. संघटनेनं मला राग दिला. वाक्य तिनं दिलं.

पहिली सुपारी कऱ्हाटीच्या एका लग्नाची. वरातीत मॅटॅडोरच्या मागच्या फळीवर आम्ही, मध्ये ताई माईक घेऊन उभी. नवरदेवाचे चुलते, गावात ज्यांना सगळे आबा म्हणत, ते हात वर करून आडवे आले.

"पोरगी रस्त्यानं गाणार? आमच्या दारात न्हाय चालायचं."

ड्रमवाला भडकला. सामान उतरवा म्हणाला. मीही त्याच्याच बाजूचा. ताई मात्र खाली उतरली, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली आणि माईकची वायर खिडकीतून आत ओढून घेतली. "वाजवा तुमी. मी हितनं गाते."

वायरी सांभाळायला आमचा एक मित्र सोबत असायचा. एमआयडीसीत फिटर. दिसायला राजबिंडा आणि आवाज रेड्याचा. फळीवर मधली जागा रिकामी दिसू नये म्हणून बंद पडलेला माईक हातात घेऊन तो तिथं उभा राहिला. गाणी त्याला पाठ, सवयीनं ओठ हलायला लागले. आणि लोकांची समजूत झाली ती अशी की हाच गातोय.

"आयला, पोरगा आसून बाईचा आवाज काढतोय."

वरात थांबली. बायका ओट्यावर आल्या, पोरं झाडावर चढली. आबांनी स्वतः त्याच्या शर्टाला नोट लावली आणि मायेनं विचारलं, "घसा दुखत न्हाय का रं?" त्यानं मुंडी हलवली. तोंड उघडलं असतं तर संपलंच होतं.

तिथून दोन वर्षं आम्हाला सुपाऱ्या कमी पडल्या नाहीत. बारामती, इंदापूर, मधली सगळी गावं. फिटर चारचौघांत बोलेनासा झाला. टपरीवर बोटं दाखवून चहा मागवायचा. लोक म्हणायचे, कलाकार आहे, आवाज जपतो. आम्ही गाडीत पोट धरून हसायचो, ताई सगळ्यात जास्त. पण नीट बघा यात काय होतं. बाईनं बाईच्या आवाजात गायलं तर अब्रू जाते. पुरुषानं बाईच्या आवाजात गायलं तर नोटा लावतात. हे मी पत्रकात लिहिलं असतं तर आमच्याच कार्यकर्त्यांनी म्हटलं असतं, जरा वाढवून लिहिलंय.

ताई हे का सोसत होती? तिनं मला सांगितलं होतं. "लग्नं लोकांची हायत. जयंतीला मी म्होरं उभी ऱ्हाणार. तितं आपली माणसं हायत." तिला एवढंच हवं होतं. आपल्या माणसांसमोर, तोंड दिसेल असं उभं राहून, आपलं गाणं.

जयंतीची पहिली सुपारी मिळाली ती इंदापूरची. आणि त्या चौदा एप्रिलला आपल्या माणसांनी काय केलं? इंदापुरात पोहोचलो तर भिंतीभिंतीवर पोस्टर. बाईच्या आवाजात गाणारा कलाकार, खाली फिटरचा फोटो. उत्सव समितीचे अध्यक्ष माझी पत्रकं वाचणारे, वाटणारे. मी त्यांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं, गाते ती ताई, तिलाच पुढं उभी करा. ते म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. पुढच्या वर्षी बघू. गर्दी पोराला बघायला आलीय." मी तावातावानं भांडलो. भांडण संपायच्या आत ताई स्टेजमागं उभ्या केलेल्या मॅटॅडोरकडं चालू लागली होती. मला एवढंच म्हणाली, "गिटार लाव नीट. वरची तार उतरलीया."

ती गायली. दुसऱ्या पाळीचं गाणं संपलं तेव्हा अध्यक्ष शाल घेऊन वर आले, फिटरच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "बायकांनी ह्याच्याकडून शिकावं."

फिटर काहीतरी बोलला. ऐकूच आलं नाही, त्याचा माईक बंदच असायचा. त्यानं माईककडं पाहिलं, माझ्याकडं आला आणि माझ्यापुढच्या स्टँडवरचा चालू माईक घेतला.

"मी गात न्हाय," तो म्हणाला. "गाणारी मॅटॅडोरमध्ये बसलीया."

तो रेड्याचा आवाज कर्ण्यातून आल्यावर वेगळा पुरावा लागला नाही. हशा पिकला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई उठून म्हणाली, "मग आणा की तिला. आमी काय पोस्टर बघाया आलोय?"

ताई वर आली. अध्यक्ष घाईघाईनं फिटरच्या खांद्यावरची शाल काढायला लागले. "ऱ्हाऊ द्या त्याच्याकडंच," ती म्हणाली, "घामाची झालीया. मला माईक द्या. आन् जरा बाजूला व्हा, तुमच्यामागं ड्रम दिसंना."

तेच गाणं तिनं पुन्हा गायलं. पहिली ओळ थरथरली, दुसरी सरळ आली. गाडीत ती यापेक्षा चांगली गायची, खोटं कशाला बोलू. पण बायका उठून स्टेजपाशी आल्या, आणि त्यातल्या काही दुसऱ्या पाळीच्या होत्या.

लग्नाच्या सुपाऱ्या त्यानंतर बंद झाल्या. पुढची तीन वर्षं आम्ही जयंत्या, बुद्धपौर्णिमा आणि कॉलेजची गॅदरिंगं वाजवली, ताई पुढे उभी. मग ड्रमवाल्याला बाहेरगावी नोकरी लागली, कीबोर्डवाला शाळेत चिकटला आणि बँड थांबला. भांडण झालं नाही. फिटरला अजून कंपनीच्या गेटवर विचारतात, "काय रं, आज कुणाचा आवाज आणलाय?" तो हसतो. त्या दिवशी त्यानं गप्प राहायचं ठरवलं असतं तर आजही पोस्टरवर असता. त्याचे उपकार मी विसरणार नाही. ताईचे तर मोजतच नाही. ती आता लाइनवर सुपरवायझर आहे आणि विहारात मुलींना गाणं शिकवते. त्या मुली तिच्यापेक्षा मोठ्यानं गातात.

पण परवाच एका गावी जयंतीला गेलो होतो. स्टेजवर नवा बँड, पोरं झकास. गाणारी मुलगी पडद्यामागं खुर्चीवर. विचारलं तर म्हणाले, लोकांना तसंच आवडतं.

लोक म्हणजे तुम्ही. तुमच्या गावात जयंतीची मीटिंग बसेल तेव्हा तिथं जा. बँड ठरवताना उभं राहून विचारा, गाणारी कुठं उभी राहणार? सगळ्यांच्या पुढं, हे उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका आणि वर्गणी देऊ नका.